आरुणीचा बांध

गतवर्षी आषाढात आमच्या पुतण्याने यंत्रशास्त्राची पदविका मिळविली आणि सातपूरच्या एका कारखान्यात तो शिकाऊ उमेदवार म्हणून रुजू झाला. अशा उमेदवारांस काम शिकत असता विद्यावेतन मिळावे अशी तरतूद 1961 च्या कायद्याने केलेली आहे. तेव्हा घरात पेढे वाटले गेले, हे सांगावयास नकोच.

परंतु पंधरा दिवसांतच मुलाचा चेहरा उतरला. लेथखालचा कीस झाडावा, हत्यारे पुसून जागच्या जागी ठेवावी, एवढेच त्याचे काम. पुढे मिस्त्रींनी एक लोखंडी तुकडा व्हाइसमध्ये आवळून दिला आणि कानशीने घासून त्याच्या बाजू सपाट व काटकोनात आणावयास सांगितले. ऐकावयास सोपे, पण कानस धरलेला हात किंचित डोलला की पृष्ठभागास पोट येते. गुण्या लावून उजेडाकडे धरावे तो फटीतून प्रकाश दिसतो. पुन्हा घासावे, तर माप कमी होऊन तुकडाच वाया जातो.

एके रात्री तो हाताचे फोड दाखवून म्हणाला, "काका, पदविका घेऊन मी केर काढावा आणि लोखंड घासावे काय? उद्यापासून जात नाही."

वहिनींच्या डोळ्यांस पाणी आले. "आपल्या घरात असले काम कोणी केले नाही हो, भावजी," त्या म्हणाल्या. अशा वेळी धीराचे दोन शब्द बोलणे हे आमचे कर्तव्य होते. परंतु आम्ही स्वहस्ते, सुवाच्य अक्षरात, त्याचा राजीनामा लिहून दिला!

आठ दिवस झाले तरी स्वारी नित्याप्रमाणे डबा घेऊन जातच होती. शेवटी आम्ही विचारले, "पत्र दिलेस का रे?"

"नाही, काका. तुकडा अर्धवट होता. तो तसाच टाकून येववेना."

पहिला तुकडा बिघडला होता, दुसराही बिघडला. दुसऱ्या वेळी मात्र कोणी विचारण्यापूर्वीच त्याने मिस्त्रींपाशी जाऊन चूक सांगितली. ते रागावले नाहीत. घासण्यापूर्वी मोजावे कसे, ते त्यांनी पुन्हा दाखविले. तिसरा तुकडा त्यांनी गुण्याला लावून उजेडाकडे धरला आणि "ठीक आहे" एवढेच म्हटले. दुसऱ्या दिवशी त्याच्या हाती यंत्रभागाचा आराखडा आला. ते दोन शब्द सांगताना मुलाच्या मुखावर जो आनंद दिसला, तो परीक्षेच्या निकालादिवशीही आम्ही पाहिला नव्हता.

वेळेवर जाणे, सांगितलेले नीट ऐकणे, न समजल्यास विचारणे, चूक आपण होऊन सांगणे आणि हाती घेतलेले शेवटास नेणे, हे गुण कोणत्याच प्रमाणपत्रावर लिहिलेले नसतात. महाभारतातील धौम्यशिष्य आरुणी शेताचा बांध अडविण्यास गेला. पाणी थांबेना, तेव्हा तो स्वतःच खिंडारात आडवा झाला. ही कथा आम्ही वर्षानुवर्षे वर्गात सांगितली, तिच्यावर प्रश्न काढले, गुण दिले; पण अडवावयास एखादा बांध मात्र एकाही मुलास कधी दिला नाही. ही चूक आम्हास त्या लोखंडी तुकड्याने दाखविली.

आणि दृष्टांतासाठी इतके दूर तरी कशाला जावे? दादासाहेब फाळके 1870 साली आपल्या त्र्यंबकेश्वरी जन्मले. 1913 साली 'राजा हरिश्चंद्र' मुंबईस दाखविल्यावर त्यांनी आपले चित्रपटाचे काम नाशकास आणले. ही विद्या शिकविणारी शाळा त्या काळी या देशात नव्हती. काम हीच शाळा. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फिल्मला छिद्रे पाडण्याचे काम स्वतः शिकल्या. मुंबईच्या एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंखे प्रथम तारामती झाले. 1917 च्या 'लंकादहना'त राम व सीता दोन्ही झाले, आणि पुढे कॅमेऱ्यामागेही उभे राहिले.

येथे एक भेद मात्र ध्यानी धरावा. जो धनी उमेदवाराकडून वर्षभर केवळ झाडलोटच करवून घेतो, तो शिकवीत नाही, राबवितो. आमच्या मुलाच्या मिस्त्रींची थोरवी ही, की केरानंतर कानस आली आणि कानशीनंतर आराखडा.

म्हणून वाचक-गृहस्थांस व गृहिणींस विनंती, की मुलांस घरातील एखादे काम तरी संपूर्ण सोपवावे: महिन्याच्या वाण्याच्या हिशेबाचे, नाहीतर गणपतीच्या आराशीचे. ते चुकेल, चुकू द्यावे, परंतु मध्येच आपण हात घालून पुरे करू नये.

तो राजीनामा पुतण्याने आम्हास परत दिला. अक्षर सुरेख आहे. पण आमच्या हातून बिघडलेला तुकडा तो हाच, म्हणून आम्ही तो जपून ठेविला आहे.