तांबडी शाई

शिक्षकाच्या खिशाला एकदा तांबड्या शाईचे पेन लटकले, की सारे जग त्याला तपासायच्या वह्यांसारखे दिसू लागते. ही सवय शाळेच्या फाटकापाशी सोडून यावी हे मला कळते. पण ती माझ्याबरोबर घरी येते, जेवायला बसते, आणि गेल्या वर्षी तर ती माझ्याबरोबर प्रार्थनेलाही बसली.

आमचे घर अहमदनगरचे. २०२४ साली गावाचे नाव अहिल्यानगर झाले, तरी जिभेवर अजून 'नगर'च येते. १८४२ साली 'ज्ञानोदय' इथेच सुरू झाला, आणि रेव्हरंड टिळकांची भजने तर आमच्या घरात पाळण्यापासून कानावर पडतात. दिवेलागणीला सतरंजी अंथरायची, एक गीत म्हणायचे, शास्त्रपाठ वाचायचा आणि मग एकेकाने प्रार्थना करायची. शेवटची प्रार्थना आमच्या अण्णांची असे.

गेल्या वर्षी जूनमध्ये अण्णा गेले. त्याआधी तीन आठवडे मी देवापाशी फक्त त्यांनाच मागत होतो. ते मिळाले नाहीत, तेव्हा मी मागणेच सोडले. प्रार्थना मात्र सोडली नाही. उलट ती निर्दोष झाली. आधी स्तुती, मग पापांची कबुली, मग आभार, शेवटी आमेन. हजेरीपटावर सही करावी, तसे सारे चालले होते.

माझ्यानंतर सात वर्षांच्या धाकटीची पाळी. तिचा एक डोळा नेहमी उघडा.

"देवा, ऐक ना! मांजरीला तीन पिल्लं झालीत. पांढऱ्याला बाकीची ढकलतात, त्याला दूध मिळू दे. आजोबांना तिथं खालची खोली दे, त्यांना जिने चढवत नाहीत. आणि उद्या शिकरण कर म्हणून आईला सांग."

हिने पदराने हसू दाबले. मी मात्र पेन काढलेच.

"बाळ, देवाशी 'ऐक ना' असं बोलत नाहीत. आधी स्तुती करायची. आणि आजोबांसाठी आता काही मागायचं नसतं."

"का?"

"ते देवापाशीच आहेत."

"मग तर सांगायला सोपं!"

गेलेल्यांसाठी मागण्याची आमच्या मंडळीत रीत नाही, हे मी तिला समजावले. चांगले अर्धा तास समजावले. पोर हुशार. आठ दिवसांत तिने स्तुती, कबुली, आभार सारे पाठ केले, आणि एका संध्याकाळी डोळे घट्ट मिटून घडाघडा म्हणून दाखवले. शब्द माझे, सूर माझा. आमेनच्या आधीचे खाकरणेसुद्धा माझेच! चूक एकही नव्हती. वहीत असते तर दहापैकी दहा दिले असते.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आमच्या घरात देवाशी खरोखर बोलणारे एकच माणूस उरले होते, आणि त्याला मी गप्प बसवले होते.

पडल्या पडल्या गेथशेमाने बाग आठवली. मार्काच्या शुभवर्तमानात प्रभू तिथे देवाला 'अब्बा' म्हणतो. अरामी घरांतून मुले बापाला ज्या शब्दाने हाक मारीत, तोच हा शब्द. समोरचा प्याला टळावा, हे त्याने बापाच्या इच्छेवर सोपवूनच मागितले. पण एकदा मागून तो थांबला नाही. उठून पुन्हा गेला, तिसऱ्यांदा गेला, तेच मागितले. प्याला टळला नाही. मी मात्र एका नकारावर रुसून बसलो होतो! मुलांचा उत्साह म्हणतात तो हाच असावा. आज शिकरण मिळाली नाही, तरी ती उद्या पुन्हा मागायची, त्याच भरवशाने.

दिवाळीच्या संध्याकाळी शेजारच्या काकूंनी फराळाचे ताट पाठवले. त्यांच्या आकाशकंदिलाचा उजेड आमच्या सतरंजीवर पडला होता. माझी पाळी आली. बऱ्याच वेळाने शब्द फुटले.

"देवा, ऐक ना. अण्णांची फार आठवण येते. त्यांचा चष्मा अजून फडताळात आहे. ठेवू, की कुणाला देऊ? तूच सांग. आणि त्यांना... त्यांना खालची खोली दे."

पुढे बोलवेना. सगळे गप्प. तेवढ्यात शेजारून एक कोपर लागले.

"बाबा, स्तुती राहिली!"

मग माझ्या उत्तराची वाट न पाहता, एक डोळा उघडा ठेवून तिने घाईघाईने सांभाळून घेतले.

"देवा, बाबांना सवय नाही. या वेळी चालवून घे. आमेन."