सतरा मिनिटं आणि एक शनिवार

१४ मार्च २०१८. दहा वाजत आले होते आणि माझ्या बीजगणिताच्या तासाला एकाही मुलाचं लक्ष फळ्याकडे नव्हतं. बरोबर महिन्यापूर्वी फ्लोरिडातल्या पार्कलंड इथल्या मार्जरी स्टोनमन डग्लस हायस्कूलमध्ये एका माजी विद्यार्थ्याने बेछूट गोळीबार करून १७ जणांचे जीव घेतले होते. बंदुकांचे कायदे कडक करा, ही मागणी घेऊन अमेरिकेतल्या शाळाशाळांमधली मुलं त्या दिवशी दहाच्या ठोक्याला वर्ग सोडणार होती. सतरा जिवांसाठी सतरा मिनिटं.

न्यू जर्सीतल्या ज्या सरकारी शाळेत मी तेव्हा शिकवत होते, तिथून पालकांना आधीच पत्र गेलं होतं. व्यायामशाळेत श्रद्धांजलीची सभा होईल, तिथे बसणाऱ्यांची हजेरी लागेल. इमारतीबाहेर पडणाऱ्यांना शनिवारी डिटेन्शन, म्हणजे शाळेत येऊन बसून राहायची शिक्षा. आम्हा शिक्षकांना सूचना होती, की मुलांना अडवायचं नाही, उत्तेजनही द्यायचं नाही. फक्त नावं लिहून घ्यायची.

बरीच मुलं व्यायामशाळेकडे गेली. पुढच्या रांगेतल्या एका मुलीने मात्र वही मिटली, जॅकेट चढवलं आणि माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाली, “मिस, जाऊ का असं विचारत नाहीये. जातेय, एवढं सांगतेय. माझं नाव लिहा.” मी लिहिलं. तिच्यामागून आणखी काहीजण आले आणि प्रत्येकाने आपलं नाव नीट सांगितलं. एकही मुलगा चोरासारखा मागच्या दाराने गेला नाही.

सभेला का बसली नाहीस, असं मी तिला नंतर विचारलं. ती म्हणाली, “तिथे रडायची परवानगी होती, मागायची नव्हती.” खरंच होतं ते. सभेत मेणबत्त्या होत्या, मौन होतं. कायद्याबद्दल अवाक्षर नव्हतं.

माझं शालेय शिक्षण पुण्यात झालं. हाताची घडी, तोंडावर बोट, हीच आमची शिस्त. म्हणून असेल, स्वतःचं नाव देऊन शिक्षेला सामोरी जाणारी ही शिस्त मला फार मोठी वाटली.

अमेरिकेतल्या न्यायालयांपुढे विद्यार्थ्यांच्या निषेधाचा प्रश्न जुनाच आहे. डिसेंबर १९६५ मध्ये आयोवातल्या डे मॉइन शहरात काही मुलं व्हिएतनाम युद्धाच्या निषेधासाठी दंडावर काळ्या फिती बांधून शाळेत गेली. शाळेने त्यांना घरी पाठवलं. त्यांतली मेरी बेथ टिंकर तेव्हा १३ वर्षांची होती. फेब्रुवारी १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी मुलांच्या बाजूने निकाल दिला: शाळेच्या कामकाजात खरोखर मोठा अडथळा येत नसेल, तर विद्यार्थ्यांचं मतप्रदर्शन दडपता येणार नाही.

फीत बांधणं आणि वर्ग सोडणं यांत मात्र फरक आहे. वर्ग सोडला की तास बुडतो, आणि तास बुडवल्याबद्दल शिक्षा करायचा शाळेला अधिकार आहे. तो मला मान्यच आहे, मीही हजेरी घेतेच. पण एरवी दांडी मारणाऱ्याला जी शिक्षा, तीच निषेध करणाऱ्याला हवी; निषेधाचं कारण आवडलं नाही म्हणून शिक्षा वाढवता येत नाही. आमच्याकडे पहिल्यांदा एखादा तास बुडवला तर घरी फोन जायचा, फार तर मधल्या सुट्टीत बसवून ठेवायचे. मग इथे थेट शनिवार का? मी हे शिक्षकांच्या बैठकीत विचारलं. पूर्वसूचना दिली होती, एवढंच उत्तर मिळालं.

बाहेर याहून कठोर प्रकार घडत होते. टेक्सासमधल्या नीडव्हिलच्या शाळाप्रमुखांनी आधीच बजावलं होतं: बाहेर पडाल तर तीन दिवस निलंबन, पालकांची चिठ्ठी आणली तरी सुटका नाही. आर्कान्सामधल्या ग्रीनब्रायरमध्ये बाहेर पडलेल्या तीन मुलांपुढे दोन पर्याय होते, शाळेतल्या शाळेत निलंबन किंवा लाकडी फळीचे दोन फटके. तिघांनीही फटके पत्करले. ही गोष्ट २०१८ सालची आहे, हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होते.

पेन्सिल्व्हेनियातल्या पेनरिज हायस्कूलमध्ये २२५ मुलांना शनिवारचं डिटेन्शन झालं. पहिल्या तुकडीतली मुलं पार्कलंडच्या मृतांची नावं छातीवर लावून आली, जमिनीवर गोल करून बसली आणि हातात हात गुंफून तशीच गप्प राहिली. शिक्षेचा वेळ त्यांनी निषेधाचा वेळ करून टाकला.

शिक्षकाची जागा अशा वेळी कुठे असते? मला व्हर्जिनियातल्या फार्मव्हिलची आठवण होते. एप्रिल १९५१ मध्ये तिथल्या कृष्णवर्णीय मुलांच्या मोटन हायस्कूलमध्ये बार्बरा जॉन्स या १६ वर्षांच्या मुलीने संप घडवला. १८० मुलांसाठी बांधलेल्या शाळेत ४५० हून अधिक मुलं, वाढीव वर्ग डांबरी कागदाच्या खोपट्यांत. मुख्याध्यापक बॉइड जोन्स यांना खोट्या फोनने शाळेबाहेर काढून मुलांनी सभा घेतली. परतल्यावर त्यांनी मुलांना वर्गात जायची विनवणी केली. तरीही पुढे त्यांची नोकरी गेली. त्या संपातून उभा राहिलेला खटला सर्वोच्च न्यायालयाच्या १९५४ च्या ‘ब्राउन’ निकालाचा भाग झाला आणि सरकारी शाळांतला वंशभेद घटनाबाह्य ठरला.

आमच्या शाळेतल्या त्या मुलीने शनिवारची शिक्षा भोगली. शनिवारी ती एका किराणा दुकानात काम करायची. त्या दिवसाची मजुरी बुडाली. एमआयटी, येल यांसारख्या विद्यापीठांनी जाहीर केलं होतं, की शांततापूर्ण निषेधासाठी झालेली शिक्षा प्रवेशाच्या आड येणार नाही. चांगलंच झालं. पण मजुरी कोण भरून देणार? शिक्षा कागदावर सगळ्यांना सारखी दिसते. ज्याच्या घरी गाडी आहे आणि जो बसने कामावर जातो, त्या दोघांना ती सारखी पडत नाही.

आम्ही काही शिक्षकांनी व्यवस्थापनाला लेखी निवेदन दिलं आणि मुलांचं म्हणणं ऐकून घ्यायला लावलं. पुढच्या वर्षीच्या नियमपुस्तिकेत एक ओळ वाढली: निषेधासाठी बुडवलेला तास इतर कुठल्याही बुडवलेल्या तासासारखाच धरला जाईल. ती मुलगी तोवर शाळेतून बाहेर पडून कॉलेजात गेली होती. तिच्या नावापुढची शनिवारची नोंद काही काढली गेली नाही.