भिंगापूर्वी छिद्र

१० मीटर एअर रायफलच्या स्पर्धेत दुर्बीण लावण्यास परवानगी नसते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर प्रकारात कांस्यपदक मिळविणाऱ्या कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळे यांच्या रायफलीवरही ती नव्हती. नेमबाज पाहतो ते बारीक छिद्रातून. छिद्र कडेचे तिरपे किरण अडविते आणि प्रतिमा रेखीव होते.

नेमबाजी शिकणाऱ्या माझ्या मुलीने हे सांगितले, तेव्हा मी ओशाळलो. वडिलांना दिसेनासे झाले म्हणून मी गुलमंडीवरून अधिकाधिक मोठी भिंगे आणीत होतो. ‘दादा, वय झाले’ एवढेच माझे निदान! त्या रात्री पुठ्ठ्याला सुईने छिद्र पाडून, चष्म्यासह, एकेका डोळ्याने त्यांना समोरच्या भिंतीवरील दिनदर्शिका पाहावयास लावली. उजव्या डोळ्याला अंक स्पष्ट झाले. म्हणजे चष्म्याचा क्रमांक बदललेला. डाव्याला काहीच फरक पडला नाही. नेत्रतज्ज्ञांकडे काचबिंदू निघाला. गेलेली दृष्टी परतत नाही. उरलेली आता थेंबांच्या आधारे जपत आहोत.

आपल्या घरच्या ज्येष्ठांचा एकेक डोळा झाकून पाहा. छिद्रातून फरक पडो वा न पडो, नेत्रतपासणी टाळू नका. भिंग त्यानंतर घ्यावे.