डिझेलची जीप

सीजे-३बी जीप पुन्हा उभी करतोय असं सांगितलं की जाणकारांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : मूळ पेट्रोल इंजिन आहे का? माझ्या जीपमध्ये ते नव्हतं आणि मी शोधलंही नाही. तिच्यात डिझेल इंजिन होतं, ते जाम झालं होतं, आणि त्याच्या जागी मी दुसरं डिझेल इंजिनच बसवलं. काही मित्रांना हे पटलं नाही. अशा कामाला डागडुजी म्हणावं, जीर्णोद्धार म्हणू नये, असं त्यांचं म्हणणं. मला ते मान्य नाही. या जीपचं आपल्या मुलखातलं आयुष्य डिझेलवरच गेलं आहे.

ही गाडी मूळची अमेरिकेतल्या विलीज कंपनीची. सीजे-३बी तिकडे १९५३ मध्ये आली आणि १९६८ मध्ये बंद झाली. आपल्याकडे महिंद्राने परवाना घेऊन ती बनवणं चालू ठेवलं, आणि तिच्यावरून निघालेल्या गाड्या पुढे कित्येक दशकं निघत राहिल्या. कांदिवलीचा कारखाना आम्हा भाईंदरकरांना परका नाही; धीम्या लोकलने चौथं स्टेशन. मूळ इंजिनाचं नाव हरिकेन. ४ सिलिंडर, जेमतेम २२०० सीसी, ७५ अश्वशक्ती. त्याचे इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये असतात. त्यामुळे इंजिन उंच झालं आणि ते झाकायला बॉनेटही उंच करावं लागलं. या जीपचा तो उंच कपाळाचा चेहरा तिथून आला. पुढे त्याच उंच बॉनेटखाली डिझेल इंजिनं बसवायला जागा मिळाली.

१९७३ मध्ये तेल भडकलं, १९७९ मध्ये पुन्हा भडकलं. पेट्रोलची जीप शेतकऱ्याला, ठेकेदाराला परवडेनाशी झाली. त्याच १९७९ मध्ये महिंद्राने फ्रान्सच्या प्यूजो कंपनीकडून एक्सडीपी ४.९० या डिझेल इंजिनाचा परवाना घेतला : ४ सिलिंडर, ९० मिलिमीटरचा बोअर, २११२ सीसी, ६२ अश्वशक्ती. महिंद्राच्या एमएम ५४० जीपमध्ये हेच इंजिन आलं. अशा गाड्या मोडीत निघू लागल्या तशी त्यांची इंजिनं जुन्या पेट्रोल जीपमध्ये शिरली.

माझी जीप साठच्या दशकातली, वाड्याच्या एका शेतकरी कुटुंबाकडून घेतलेली. त्यांनी तिच्यात एक्सडीपी बसवून घेतलं होतं आणि नोंदणी पुस्तकात इंधनाच्या रकान्यात ‘डिझेल’ अशी रीतसर नोंदही करून घेतली होती. वाडा कोलमची पोती, भाताचा पेंढा, पावसाळ्यात पाड्यावरून दवाखान्यात न्यायची माणसं हे सगळं तिने डिझेलवर वाहिलं. घरातले काका म्हणाले, ‘पेट्रोलची होती तेव्हा ती उभीच असायची. डिझेल बसवलं तेव्हा खरी कामाला लागली.’ मला वेगळं काही ठरवायचं उरलंच नाही.

इंजिन शोधायला कुर्ल्याचा सीएसटी रोड पालथा घातला. तिथल्या जुन्या सामानाच्या बाजारात पाहण्याची एक रीत असते. ताजा चंदेरी रंग मारलेलं इंजिन दिसलं की मी पुढे जायचो. तडे आणि वेल्डिंगचे सांधे रंगाखाली झाकले जातात. हेड उघडू देणार नाही तिथे सौदा नाही. आणि ज्या गाडीतून इंजिन काढलं तिची नोंदणी रद्द झाल्याचा कागद हवाच. कागदाचं नाव काढलं की बरेच जण दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतात. शेवटी एका गाळ्यात एमएम ५४० मधून काढलेलं एक्सडीपी मिळालं. ते मळलेलं होतं, गंजलेलं होतं, पण कोणी त्याला हात लावलेला नव्हता. कागदही पूर्ण होते.

ते उघडलं उत्तनच्या एका मिस्त्रींनी. चौक, पाली, डोंगरीच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली आहे. भर समुद्रात इंजिन बंद पडलं तर गाडी ढकलावी तशी बोट ढकलता येत नाही, म्हणून ‘चालून जाईल’ हे शब्द त्यांच्या तोंडी कधी येत नाहीत. जून-जुलैत मासेमारीला बंदी असते, बोटी किनाऱ्यावर येतात आणि मिस्त्रींना जेवायलाही फुरसत नसते. ‘भाऊ, नारळी पौर्णिमा होऊ दे, मग तुझी जीप,’ त्यांनी सांगितलं. मी थांबलो, आणि थांबलो याचा आनंद आहे.

एक्सडीपीचे लायनर वेट असतात, म्हणजे त्यांच्या पाठीला थेट पाणी खेळतं. लायनर बसवल्यावर त्याची कड ब्लॉकच्या सपाटीपेक्षा केसभर वर राहावी लागते. ती खाली राहिली तर हेड गॅस्केट नीट दाबली जात नाही आणि मग पाणी ऑइलमध्ये उतरतं. मिस्त्री नखाने पाहायचे, मी डायलने मोजायचो. चारही लायनरना दोघांचं उत्तर एकच आलं. क्रँक ग्राइंड करून अंडरसाइझ बेअरिंगं टाकली. फ्युएल पंप टेस्ट बेंचवर चढवून चारही नळ्यांतून सारखं डिझेल पडतंय हे पाहिलं. नोझल नवीन घेतले. या कामात काटकसर करणाऱ्यांना मी नेहमी सांगतो : डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो, नुसत्या दाबाने तापलेल्या हवेत इंधन पेटतं, आणि या जुन्या इंजिनात तो दाब विसास एकाच्या पुढचा आहे. नोझलने इंधन फवारायच्या ऐवजी थेंब टाकले तर काळा धूर निघतो, पिस्टनचा माथा जळतो, आणि मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याच्या छातीत ते सगळं जातं.

आता खऱ्या कामाविषयी. माझी सारी नोकरी भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत, टूलरूममध्ये झाली, त्यामुळे या भागावर माझा जीव जास्त आहे. एक्सडीपी आणि जीपचा मूळ तीन गिअरचा बॉक्स एकमेकांसाठी बनलेले नाहीत. दोघांच्या मध्ये एक जाड पोलादी पट्टी लागते, तिला सगळे अ‍ॅडॉप्टर म्हणतात. माझ्या जीपमधला जुना अ‍ॅडॉप्टर गॅसने कापलेला होता आणि त्याची भोकं वापरून लांबट झाली होती. गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट क्रँकच्या टोकातल्या पायलट बेअरिंगमध्ये बसतो. क्रँकचा मध्य आणि शाफ्टचा मध्य एका रेषेत नसेल तर गाडी चालते, पण क्लच सोडताना थरथरते, गिअर निसटतो आणि बेअरिंग पुनःपुन्हा जातं. लोक मग गिअरबॉक्सला दोष देतात, डिझेलच्या हादऱ्यांना दोष देतात. दोष बहुतेक वेळा त्या पट्टीत असतो.

नवा अ‍ॅडॉप्टर ओळखीच्या गाळ्यात लेथवर काढला. मधलं भोक आणि बसणारी कड एकाच सेटिंगमध्ये, जॉब चकमधून न सोडता, म्हणजे दोन्हींचा मध्य एकच राहतो. तो ब्लॉकला लावला, बेलहाउसिंग चढवलं, फ्लायव्हीलवर मॅग्नेटिक बेस ठेवून डायलचा काटा बेलहाउसिंगच्या बोअरला टेकवला आणि क्रँक हाताने सावकाश फिरवला. काटा जेवढा हलतो त्याच्या निम्मं खरं सरकणं असतं. अ‍ॅडॉप्टर किंचित हलवून, पुन्हा आवळून, पुन्हा फिरवून काटा जवळजवळ स्थिर झाला तेव्हा डॉवेल पिनांची भोकं पाडली. आता इंजिन कितीही वेळा उतरवलं तरी ते त्याच जागी बसेल. मिस्त्री शेजारी स्टुलावर बसून सगळं बघत होते. बोटीत इंजिन आणि पंख्याचा शाफ्ट असाच एका रेषेत आणावा लागतो, फक्त तिथे लाकूड फुगतं म्हणून बोट पाण्यात उतरल्यावर पुन्हा तपासावं लागतं, हे मला त्यांच्याकडून कळलं.

तीन गिअरचा बॉक्स ठेवला याचं कारण सोपं आहे. त्यातला पहिला गिअर २.८ चा, ट्रान्सफर केसचा लो २.४६ चा आणि अ‍ॅक्सलचा ५.३८ चा. तिन्हींचा गुणाकार ३७. लो रेंजमध्ये इंजिन ३७ वेळा फिरतं तेव्हा चाक एकदा फिरतं. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढून ठेवला तरी जीप माणसाच्या चालीपेक्षा हळू, पण न थांबता चिखलातून पुढे सरकते. डिझेलचा कमी फेऱ्यांतला जोर इथे उपयोगी पडतो. डांबरी रस्त्यावर मात्र फोर बाय फोर टाकू नये. पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलमध्ये फरक सोसणारी काही सोय या ट्रान्सफर केसमध्ये नाही, वळणावर सगळे गिअर पिळले जातात. टॉप गिअरला ताशी ६० किलोमीटरला इंजिन सुमारे २४०० फेऱ्यांवर असतं, आणि घोडबंदर रोडला त्याहून जास्त वेग मला नको आहे.

चेसिस आणि पत्र्याचं थोडक्यात सांगतो. मिठागरांच्या आणि खाडीच्या हवेत गंज आतून खातो. फ्लोअर पूर्ण बदलावा लागला, चेसिसचा मागचा आडवा बार नवा टाकला, पुढच्या कमानींना वाढीव वजनासाठी एक पाटा जास्त घेतला. ब्रेकच्या सगळ्या नळ्या नव्या. लांबी कमीत कमी लावली. जिथे जाड लांबी, तिथे खाली गंज वाढलेला असतो.

आरटीओचं काम मी इंजिन बसवायच्या आधी सुरू केलं, आणि हे प्रत्येकाने करावं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाला सोडून गाडीत बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा ठामपणे सांगितलं. माझ्या पुस्तकात इंधन आधीच डिझेल होतं, नवं इंजिन त्याच बनावटीचं, त्यामुळे मागायची होती ती इंजिन बदलायची परवानगी आणि नव्या क्रमांकाची नोंद. मीरा-भाईंदरला एमएच ५८ हा क्रमांक मिळायच्या आधीची ही गोष्ट, म्हणून सगळं ठाण्याला. इंजिनावरच्या आणि चेसिसवरच्या क्रमांकाचे पेन्सिलने काढलेले ठसे, इंजिनाचं बिल, दाता गाडीचा रद्दीचा कागद, तपासणी. वेळ लागला, पण काम झालं.

एक नियम मात्र मला मनापासून खटकतो. २०२१ मध्ये केंद्राने ५० वर्षांवरच्या व्हिंटेज गाड्यांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी मालिका आणली. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेली गाडी त्यात बसत नाही, म्हणून माझी जीप बाहेर. हा नियम बनावट गाड्या रोखायला हवा, हे मला कळतं. पण महाराष्ट्रात शेतावर, घाटात, धरणांच्या कामांवर राबलेल्या बऱ्याच जुन्या जीप डिझेल झाल्या म्हणूनच टिकल्या. कित्येक वर्षांपूर्वी सरकारी पुस्तकात नोंदलेला बदल हाही त्या गाडीचा इतिहास आहे. त्याची जुनी नोंद असेल तर अशा गाडीला जागा मिळायला हवी. ती मिळेपर्यंत मी दर ५ वर्षांनी नूतनीकरण करीन आणि पर्यावरण कर भरीन. धूर तपासणीत जुन्या डिझेलला ६५ एचएसयूची मर्यादा असते. माझ्या जीपचा आकडा तिच्या बराच खाली आला, तो मी कोणालाही आनंदाने दाखवतो.

गायमुखच्या चढावर सुरुवातीला काटा गरमकडे झुकायचा. पंखा रेडिएटरपासून लांब पडत होता आणि बाजूने हवा निसटत होती. पत्र्याचा गोल श्राउड बनवून बसवला आणि तापणं थांबलं. आता राहिलंय ते स्टिअरिंग. पुढच्या आडव्या बारवर एक बेलक्रँक असतो, त्याची पिन आणि बुश झिजलेत आणि हातात ढिलेपणा जाणवतो. पिन मी स्वतः लेथवर काढणार आहे. त्यासाठी मिस्त्रींनी ईएन २४ पोलादाचा तुकडा बाजूला काढून ठेवलाय आणि बुशसाठी गनमेटल कुठून आणायचं तेही सांगितलंय.