तेरखेड्याचा मुहूर्त

सोलापूरहून धुळ्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर येरमाळा मागे पडले, की बालाघाटच्या माळावर तेरखेडा लागते. धाराशिव जिल्ह्याच्या वाशी तालुक्यातले हे गाव. तेरणा नदी याच भागात उगम पावते आणि पुढे गोरोबाकाकांच्या तेर गावावरून वाहत जाते. पण तेरखेड्याचे नाव दूरवर पोहोचले ते पाण्यामुळे नव्हे, दारूमुळे! वाचकांनी दचकू नये. ही शोभेची दारू. फटाक्यांचे कारखाने येथे इतके, की लोक या गावाला मराठवाड्याची शिवकाशी म्हणतात.

आपल्या घरी फटाके चार दिवस वाजतात. येथे त्यांचे काम वर्षभर चालते. सोरा, गंधक आणि कोळसा ही काळ्या दारूची जुनी त्रिमूर्ती. ती मोजून कालवायची, भरायची, वात लावायची, सुतळी घट्ट गुंडाळायची आणि उन्हात वाळवायची. कामाच्या खोल्या गावाबाहेर आणि एकमेकींपासून दूर. एकीला आग लागली तर दुसरी वाचावी म्हणून. तरीही अपघात होतात आणि माणसे जातात. आपल्या अंगणातल्या उजेडामागे अशी जोखीम उभी असते.

२०२५ च्या दिवाळीच्या आदल्या आठवड्यात मी भाच्याला घेऊन या वाटेने चाललो होतो. पुण्याहून निघाल्यापासून त्याचे तोंड एकाच विषयावर चालू होते: लॅपटॉप. त्याचा जुना यंत्रोबा थकला होता. त्यात त्याच आठवड्यात, १४ ऑक्टोबरला, मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबवली. तरी हा नवा घेईना.

"अहो मामा, आता कोण घेतो? ९ तारखेलाच इंटेलने पँथर लेकची माहिती दिली. जानेवारीत लॅपटॉप येतील!"

हा त्याचा तिसरा जानेवारी. २०२३ मध्ये तो मीटिअर लेकसाठी थांबला. तो डिसेंबरात आला, तोवर ल्युनर लेकची बातमी कानी आली. २०२४ च्या सप्टेंबरात तोही आला, तर म्हणे पुढचा याहून सरस. या प्रोसेसरांना नावे तळ्यांची. भाच्याने तीन तळ्यांची प्रदक्षिणा केली, पण पाण्यात पाय घातला नाही. स्थळे पाहता पाहता एखादा नवरदेव चाळिशीला यावा, तशातला प्रकार!

त्याचीही बाजू समजून घेतली पाहिजे. १९६५ मध्ये गॉर्डन मूर यांनी एका चिपवरच्या घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होईल असे भाकीत केले. १९७५ मध्ये ती मुदत त्यांनी दोन वर्षांवर नेली. १९७१ च्या इंटेल ४००४ या चिपवर सुमारे २३०० ट्रान्झिस्टर होते. २०२० च्या ॲपल एम १ वर १६०० कोटी! जो माल दर वर्षा-दोन वर्षांनी असा पालटतो, त्याचा ग्राहक दुकानाच्या पायरीवर अडखळणारच.

या अडखळण्याची किंमत एका कारखानदाराने मोजली. ॲडम ऑस्बोर्न हा इंग्रज. त्याचे बालपण तमिळनाडूत, म्हणजे खऱ्या शिवकाशीच्याच मुलखात गेले. १९८१ मध्ये त्याने अमेरिकेत उचलून नेता येईल असा संगणक विकायला काढला. वजन सुमारे ११ किलो, किंमत १७९५ डॉलर. खप जोरात होता. १९८३ च्या आरंभी त्याने पुढच्या सुधारित यंत्राची वाच्यता केली आणि ग्राहक म्हणाले, मग थांबतोच की! जुना माल पडून राहिला. त्याच वर्षी सप्टेंबरात कंपनीने दिवाळे काढले. कारणे इतरही होती, पण अशा घाटाला तेव्हापासून त्याचेच नाव चिकटले.

ही गोष्ट भाच्याला सांगत असतानाच आम्ही एका दुकानासमोर उतरलो. भुईनळे, फुलबाज्या, भुईचक्रे आणि सुतळी बॉम्ब यांच्या राशीमागे मालक बसले होते आणि त्यांची मुलगी हिशेब लिहीत होती. ती तुळजापूरला अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला होती. आमच्या बोलण्यातला 'लॅपटॉप' हा शब्द तिने नेमका टिपला.

"दादा, आत्ताचा घ्यावा का जानेवारीतला?"

भाच्याचे डोळे चमकले. 'थांब' हा शब्द त्याच्या ओठांवर आलेला मला दिसला. तेवढ्यात तिचे वडील म्हणाले, "पाव्हणं, नीट सांगा बरं का. सप्टेंबरच्या पावसात सोयाबीन पाण्यात गेलं. दिवाळीच्या गल्ल्यातून पाडव्याला जे निघंल ते निघंल. मागून हरभऱ्याचं बी हाय, उधारी हाय. जानेवारीपतुर पैसा बसून राहत न्हाई."

त्या सप्टेंबरातल्या अतिवृष्टीने धाराशिव जिल्ह्याचे काय केले, ते वाटेतल्या शेतांवर आम्ही पाहिलेच होते. भाचा गप्प झाला. मग त्याने प्रथमच प्रोसेसर सोडून कामाची चौकशी केली. काय शिकवतात? सी आणि पायथन. सराव कुठे करतेस? कॉलेजच्या प्रयोगशाळेत, पण गावी यायची बस धरायची म्हणजे मध्येच उठावे लागते. उरलेला मोबाइलवर. बोटभर पडद्यावर प्रोग्रॅम लिहायचा म्हणजे तांदळावर रामरक्षा लिहिण्यासारखेच!

"मग आत्ताच घे," भाचा म्हणाला. "या कामाला या वर्षीचा काय, गेल्या वर्षीचा प्रोसेसरसुद्धा पुरून उरेल. रॅम तेवढी १६ जीबी बघ."

मालक हसले. "आमचंही असंच हाय. पुढल्या साली फटाका चांगला निघंलच. म्हणून यंदाची दिवाळी कुणी अंधारात काढतं व्हय?"

पाडव्याला सोलापुरातून लॅपटॉप आल्याचा फोन त्या गृहस्थांनी आवर्जून केला. जानेवारी २०२६ मध्ये पँथर लेकही ठरल्याप्रमाणे आला. मात्र दरम्यान एक वेगळाच बार उडाला होता. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड केंद्रांनी जगातली मेमरी उचलायला सुरुवात केली आणि २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकले. पाठोपाठ लॅपटॉपही महागले. वाट पाहिल्याने माल सुधारतो आणि स्वस्तही होतो, हा अनेकांचा हिशेब त्या वर्षी चुकला. तेरखेड्याच्या मुलीला हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तिने भाव ओळखला नव्हता, आपली गरज ओळखली होती.

थांबणे नेहमीच खुळेपणाचे, असे माझे म्हणणे नाही. जुने यंत्र चालते आहे, काम अडत नाही, तर खुशाल थांबावे. पण काम अडले असेल, तर खरेदीचा मुहूर्त त्या कामाने काढावा, कारखानदाराने नव्हे. चिप सुधारत राहील. पण पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याचे सहामाही सत्र एकदा गेले, की ते पुढच्या मॉडेलात मिळत नाही.

आणि भाचा? त्याचा जुना लॅपटॉप अजून कण्हत चालतो आहे. त्याला आता चौथ्या तळ्याचे वेध लागले आहेत.