१९७१ ची ओळ

मला याद्या वाचण्याचे वेड आहे. कुणी कादंबऱ्या वाचतो, कुणी पंचांग चाळतो. मी विजेत्यांच्या याद्या वाचतो. शाळेच्या भिंतीवरचा, मॅट्रिकला पहिल्या आलेल्यांच्या नावांचा फळासुद्धा मी उभ्याउभ्या वरपासून खालपर्यंत वाचून काढीत असे. नुसती नावे आणि साले. पण दोन ओळींच्या मध्ये केवढा संसार दडलेला असतो!

अशीच एक यादी अमेरिकेतल्या कॉलेजांच्या फुटबॉल अजिंक्यपदाची. फुटबॉल म्हणजे आपला, पायाने खेळायचा. तिकडे त्याला सॉकर म्हणतात. ही स्पर्धा १९५९ साली सुरू झाली, आणि पहिल्या पंधरा वर्षांत सेंट लुईस विद्यापीठाचे नाव तब्बल दहा वेळा येते. त्यांतले एक वाटून घेतलेले. १९६७ साली हवा इतकी बिघडली, की गोल न होताच अंतिम सामना थांबवावा लागला आणि दोन्ही संघांना विजयी ठरवले गेले. निसर्गाने केलेली ही वाटणी मला फार आवडते. भावाभावांत अशी क्वचितच होते.

वाचता वाचता आपण १९७१ वर येतो आणि थबकतो. तिथे कुणाचेच नाव नाही.

सामना मात्र झाला होता. मायामीच्या ऑरेंज बोल मैदानावर वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठाने सेंट लुईसला ३–२ असे हरवले होते. १८६७ साली स्थापन झालेले हॉवर्ड हे कृष्णवर्णीयांचे नामांकित विद्यापीठ. संघातली मुले कॅरिबियन बेटांतली आणि आफ्रिकेतली. शिक्षक लिंकन फिलिप्स, स्वतः त्रिनिदादचे गोलरक्षक. समोर बहुतेक सेंट लुईस गावातलीच पोरे आणि त्यांचे शिक्षक हॅरी कीओ. हे गृहस्थ पोस्टमन, आणि १९५० च्या विश्वचषकात इंग्लंडला १–० असे लोळवणाऱ्या अमेरिकन संघात खेळलेले!

पुढे चौकशी झाली. खेळाडूंच्या पात्रतेचे नियम मोडले, असा ठपका ठेवून पद काढून घेण्यात आले. १९७३ च्या स्पर्धेचे दारही हॉवर्डला बंद झाले. त्या नियमांत एक असा होता, की परदेशी विद्यार्थी एकोणिसाव्या वर्षानंतर आपल्या देशात जितकी वर्षे खेळला असेल, तितकी त्याच्या कॉलेजातल्या खेळाच्या वर्षांतून वजा करायची. अमेरिकन मुलाला हा हिशेब लागू नव्हता. हा नियम समतेच्या तत्त्वाला धरून नाही, असे न्यायालयाने ठरवले. पण बाकीचे ठपके तसेच राहिले, आणि पद काही परत मिळाले नाही.

आता यादीत तीन ओळी खाली या. १९७४. पुन्हा हॉवर्ड, पुन्हा सेंट लुईस. आणि मैदानही सेंट लुईस गावातलेच. बरोबरी सुटेना. जादा वेळ एकदा, दोनदा, तीनदा. चौथ्या जादा वेळेत हॉवर्डचा गोल झाला, २–१. त्या हंगामातले एकोणीसच्या एकोणीस सामने त्यांनी जिंकले होते.

हिशेब चुकता झाला, असे म्हणून पान उलटावे, तर मन उलटू देत नाही. १९७१ ला मैदानावर धावलेली काही मुले १९७४ येईतो कॉलेज सोडून गेली असणार. त्यांचे काय? नियम मोडले असतील तर शिक्षा व्हावी, हे मलाही मान्य आहे. पण एका अन्याय्य नियमाची सावली ज्या निकालावर पडली, तो निकाल नुसत्या पुसण्याने न्याय्य कसा होतो, हे मात्र मला उमगत नाही. शिवाय ते तीन गोल गेले कुठे? चेंडू जाळ्यात गेला होता, लोकांनी डोळ्यांनी पाहिला होता. कागदावरचे नाव खोडता येते. घडलेली संध्याकाळ खोडता येत नाही.

म्हणून ही यादी वाचताना भरलेल्या ओळींवरून माझी नजर भराभरा उतरते, आणि त्या मोकळ्या ओळीपाशी मात्र रेंगाळते. जिथे काहीच लिहिलेले नाही, तिथेच वाचायला सर्वांत जास्त वेळ लागतो.