भरलेली बॅटरी

गेल्या वर्षीच्या विज्ञान-प्रदर्शनात आमच्या हातून एका विद्यार्थ्यावर अन्याय घडला. वर्गापुढे तो आम्ही कबूल केला आहेच. परंतु त्या दिवशी व्हरांड्यात जी पालकमंडळी उभी होती, त्यांच्या कानी ती कबुली गेली नसावी. म्हणून वार्षिकांकाच्या या पानांचा आश्रय घेत आहोत. त्या निमित्ताने विजेविषयी जे आम्हांस उशिरा कळले, तेही सांगता येईल.

नववीच्या वर्गातील एका मुलाने लोणारचे विवर संगणकावर उभे केले होते. २००० साली अमेरिकेच्या एका अंतराळयानातून रडारच्या साहाय्याने पृथ्वीचे चढउतार मोजण्यात आले. ती मापे, सुमारे दर तीस मीटरांस एक याप्रमाणे, आज कोणासही विनामूल्य मिळतात. लोणारचे विवर एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. म्हणजे आरपार मोजू गेल्यास अवघे साठ बिंदू! एवढ्याशा जाळ्यावर त्या मुलाने उताराची दाट झाडी, मधले खारे पाणी व कमळजा देवीचे देऊळ अशी सारी सृष्टी रचली होती. पाहणाराने कळा दाबीत काठावरून खाली तळ्यापर्यंत चालत जावे, अशी योजना होती. एक विशिष्ट कळ दाबताच पाणी २०२० च्या जून महिन्यात झाले होते तसे गुलाबी होई. प्रयोगशाळेत आम्ही ते दोन वेळा पाहिले. मुलाची पाठ थोपटण्याचे मात्र राहून गेले.

हे सारे चाले ते त्याच्या थोरल्या भावाच्या लॅपटॉपवर. भाऊ पुण्यास अभियांत्रिकी शिकतो. ते खेळांसाठी बनविलेले यंत्र. जाड, जड, आणि कळांखाली नाना रंगांचे दिवे. त्या दिव्यांमुळे आमचे मत आधीच थोडे कलुषित झाले होते, हे लपविण्यात अर्थ नाही.

प्रदर्शनाच्या सकाळी प्रयोगशाळेत जागा पुरेना, तेव्हा आम्ही त्याचे टेबल व्हरांड्याच्या उत्तर टोकास हलविले. तेथे विजेची सोय नव्हती.

"सर, चार्जर लावावा लागेल," मुलगा म्हणाला.

"बॅटरी किती भरली आहे?"

"शंभर टक्के, सर. पण..."

"शंभर टक्के आहे ना? मग तक्रार कसली?"

परीक्षक आले. काठावर उभे असता चित्र बरे होते. झाडीत शिरताच ते अडखळू लागले. पाऊल टाकावे तो दृश्य थिजे, मग एकदम पुढे उडी घेई. एका परीक्षकांनी चष्मा काढून डोळे चोळले व ते पुढच्या टेबलाकडे वळले. मुलाचे वडील कापूस वेचणीचा दिवस मोडून चिखलीजवळच्या खेड्याहून आले होते आणि खांबाशी उभे होते. त्यांच्या देखत आम्ही म्हणालो, "रात्र रात्र खेळ खेळून यंत्राचा दम काढला असशील, दुसरे काय?" मुलाने मान खाली घातली. वडील काही बोलले नाहीत.

सोमवारी मधल्या सुट्टीत तो लॅपटॉप व चार्जर घेऊन आला आणि म्हणाला, "सर, दहा मिनिटे द्याल?"

संगणकावरील हलते चित्र म्हणजे एकामागून एक काढलेली स्थिर चित्रे होत. दर सेकंदास अशी किती चित्रे निघतात, तो आकडा त्याने पडद्याच्या कोपऱ्यात दाखविला. चार्जर लावलेला असता आकडा सत्तरीच्या आसपास. त्याने वायर उपटली, तोच आकडा घसरून नेमका तीसवर येऊन बसला. बॅटरी तेव्हाही शंभर टक्के! हा तीसचा अडसर मुद्दाम घातलेला असतो. ग्राफिक्सच्या चिपा बनविणाऱ्या एन्व्हिडियाने २०१४ पासून अशी बचतीची योजना आपल्या लॅपटॉपच्या चिपांत ठेवली आहे. मुलाने तो अडसर काढून दाखविला, तरी काठावर आकडा पस्तिशीपलीकडे जाईना. आणि झाडीत शिरताच वीसच्याही खाली आला.

मग त्याने चार्जर उलटा केला. त्यावर २३० वॅट असे छापले होते. बॅटरीच्या पाठीवर ८० वॅट-तास. "सर, आता भागाकार करा," तो म्हणाला. आम्ही केला. यंत्राने २०० वॅट मागितले आणि बॅटरीने ते मुकाट्याने दिले, तर ती २४ मिनिटांत रिकामी होईल. परंतु ती देतच नाही. लिथियमच्या घटातून इतक्या वेगाने वीज ओढली तर तो तापतो, त्याचा दाब खचतो आणि आयुष्यही घटते. म्हणून बनविणारेच वायर निघताच चिपेच्या तोंडी लगाम घालतात. बॅटरी मोठी का करीत नाहीत, असे आम्ही विचारले. तर विमानात १०० वॅट-तासांपेक्षा मोठी बॅटरी जवळ बाळगण्यास विमान कंपनीची परवानगी लागते. त्यामुळे लॅपटॉप बनविणारे सहसा ती मर्यादा ओलांडीत नाहीत.

लगाम घालण्यातही एक शास्त्र आहे, व गणिताच्या विद्यार्थ्यांनी ते अवश्य ध्यानात घ्यावे. चिपेची गती कमी केली की तिला लागणारा विजेचा दाबही कमी करता येतो. खर्च गतीच्या प्रमाणात घटतो आणि दाबाच्या वर्गाच्याही प्रमाणात घटतो. दोन्ही वीस टक्क्यांनी उतरविले तर काय होईल? ०.८ चा घन काढून पाहावा. खर्च जवळजवळ निम्म्यावर येतो, आणि काम मात्र पंचमांशानेच कमी होते! वाचन, लेखन, साधी चित्रे यांस तर थोडेच वॅट पुरतात. तेथे हीच बॅटरी कित्येक तास चालते. अडचण येते ती झाडीत शिरल्यावर.

हे घट १९९१ साली सोनी कंपनीने प्रथम बाजारात आणले, आणि त्यांच्या शोधाबद्दल २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक तिघांस विभागून मिळाले. त्यांतील जॉन गुडइनफ हे तेव्हा ९७ वर्षांचे होते. इतक्या वयात नोबेल मिळालेला दुसरा कोणी नाही. ते श्रद्धावान ख्रिस्ती होते. लहानपणी त्यांस वाचन जमत नसे. अक्षरे ओळखण्याचा तो विकार होता, पण त्या काळी कोणाच्या ध्यानी आला नाही. त्यांच्या शिक्षकांनी त्यांस काय काय म्हटले असेल, हा विचार त्या सोमवारी आमच्या मनात येऊन गेला.

पुढच्या रविवारी उपासना आटोपल्यावर आम्ही एस.टी.ने मुलाच्या गावी गेलो. वडील अंगणात कापसाचे गाठोडे बांधीत होते. आम्ही प्रथम क्षमा मागितली, आणि मग वॅट, वॅट-तास, दाब असे सारे समजावू लागलो. आमचेच आम्हांस ते क्लिष्ट वाटू लागले. त्यांनी थोडा वेळ ऐकून घेतले आणि गाठोड्याची गाठ आवळीत ते म्हणाले, "म्हणजे विहीर काठोकाठ भरेल हाये, पण पाइप दीड इंचीच हाये."

पंचवीस मिनिटे शिकवूनही आम्हांस हे इतके नेटके सांगता आले नसते. दहा कुमारींचा दाखला आम्ही वर्गात किती वेळा सांगितला असेल. परंतु दिव्यात तेल किती आहे एवढेच आम्ही नेहमी पाहिले, वात किती जाड आहे हे कधी पाहिले नाही.

चहा झाल्यावर वडील मुलाकडे न पाहताच म्हणाले, "म्हणजे सर, माहं पोरगं खोटं बोललं नव्हतं तं."

"नाही," आम्ही म्हणालो. "ते सांगत होते, आम्ही ऐकले नाही."

पालकांसाठी एक गोष्ट. असे महाग यंत्र मुलास घेऊन देण्याचे मनात असेल, तर दुकानात ते वायर काढून चालवून पाहावे. तेथे ते बहुधा भिंतीच्या विजेवरच मांडलेले असते. आणि गावात वीज वरचेवर जात असेल, तर लॅपटॉपच्या बॅटरीपेक्षा घरच्या इन्व्हर्टरचा भरवसा अधिक. आमच्या कार्यालयातील इन्व्हर्टरची बॅटरी १२ व्होल्ट व १५० अँपिअर-तासांची आहे, म्हणजे कागदावर तरी १८०० वॅट-तास. चार्जर तिच्यावर लावला की लॅपटॉपला वाटते की भिंतीचीच वीज आहे.

तो इन्व्हर्टर त्या दिवशीही व्हरांड्यापासून वीस पावलांवर होता.

परीक्षकांचे गुण बदलता आले नाहीत. यंदा व्हरांड्याच्या उत्तर टोकास सॉकेट बसविले आहे व वायर कार्यालयातून आणली आहे. मुलगा आता दहावीत आहे. प्रदर्शनात भाग घेण्यास त्यास या वर्षी सवड नाही. परंतु सॉकेट बसले त्या दिवशी तो आला होता, व आपल्या भावाचा चार्जर लावून ते चालते की नाही, हे त्यानेच पाहिले.